प्रश्न रंगाचा नव्हता: नवजात बाळं तपासणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
नवजात बाळं तपासणारे सर्व बालरोगतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ, तसंच त्यांना शिकवणारे अध्यापक यांस

स. न. वि. वि.

माझ्या लेकीच्या फाइलमध्ये एक कागद आहे, ती सहा महिन्यांची असतानाचा. त्यावर मोजकेच शब्द आहेत. 'अंगावर तपकिरी पट्टे. कॉस्मेटिक प्रश्न. औषध नको, पालकांना धीर दिला.' धीर दिला हे खरंच आहे. आम्ही तो घेऊन घरी आलो आणि पुढचे तीन महिने निर्धास्त झोपलो. त्याच तीन महिन्यांत तिच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला.

ती आता सात वर्षांची आहे. इतकी वर्षं मी हे सगळं एका दवाखान्यातल्या एका वाईट दिवसाच्या खाती मांडून गप्प होते. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका आईने मला तिच्या चार महिन्यांच्या मुलीचा कागद दाखवला. डॉक्टर वेगळे, रुग्णालय वेगळं, शब्द मात्र तोच: कॉस्मेटिक. डोळे तपासलेले नव्हते. तपासायला सांगितलेलेही नव्हते. त्यानंतर गप्प बसवेना.

आजाराचं नाव इन्कॉन्टिनेन्शिया पिगमेंटाय. ब्लॉक-सुल्झबर्गर सिंड्रोम असंही म्हणतात, कारण ब्रूनो ब्लॉक यांनी १९२६ मध्ये आणि मॅरियन सुल्झबर्गर यांनी १९२८ मध्ये त्याचं वर्णन केलं. लॅटिन नावाचा अर्थ साधारण 'रंग धरून ठेवता न येणं' असा. सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेच्या वरच्या थरातलं रंगद्रव्य खालच्या थरात गळून पडलेलं दिसलं, म्हणून हे नाव पडलं. त्या काळी जे दिसत होतं त्यावरून त्यांनी नाव ठेवलं, त्यात त्यांचा दोष काय? पण या नावाने पुढे फार घोटाळा केला, असं माझं मत आहे. रंग ही या आजाराची तिसरी पायरी, आणि सगळ्यांत निरुपद्रवी. नाव मात्र तिचंच लागलं, आणि बघणाऱ्याची नजर तिथेच अडकली.

तुम्हाला तुमचाच विषय ऐकवायचा आगाऊपणा होतो आहे, याची मला कल्पना आहे. पण हे पत्र आईबापही वाचणार आहेत, आणि त्यांना हे एका जागी बसवून कोणी सांगत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

जन्माच्या दुसऱ्या दिवशी दुपटं बदलताना तिच्या उजव्या पायावर मला फोड दिसले. टाचणीच्या डोक्याएवढे, पाण्याने भरलेले. गुडघ्याच्या मागून निघून पिंढरीवरून टाचेकडे, एकामागे एक. कुठे दोन चिकटलेले, कुठे मध्ये बोटभर जागा मोकळी, पण रांग कोणी सोडलेली नाही. कमरेच्या बाजूला अशीच एक रांग वळून पोटावर आली होती. चेहरा स्वच्छ. ताप नव्हता, दूध नीट पीत होती. मी म्हटलं, "सिस्टर, हे बघा ना, कोणी आधी रेघ मारून मग तिच्यावर मांडल्यासारखे आलेत." त्या म्हणाल्या, डॉक्टर राउंडला आले की सांगा. मी सांगितलं. कागदावर उतरलं ते असं: 'हातापायांवर अनेक फोड.' रांग कागदावर आलीच नाही.

माझी पहिली तक्रार ही आहे. फोड किती, पाण्याचे की पुवाचे, भोवती लाली आहे का, हे सगळं लिहिलंत. ते कसे मांडलेत ते लिहिलं नाही. आणि या आजाराची ओळख त्या मांडणीतच असते. आल्फ्रेड ब्लाश्को या त्वचारोगतज्ज्ञाने १९०१ मध्ये आपल्या रुग्णांवरच्या पट्ट्यांचा नकाशा काढून ठेवला. पाठीवर कण्यापाशी 'व्ही'सारखे, पोटाच्या बाजूला 'एस'सारखे वळलेले, हातापायांवर लांबीने सरळ. या रेषा मज्जातंतूंच्या मागाने जात नाहीत आणि रक्तवाहिन्यांच्याही नाही. गर्भात असताना त्वचेच्या पेशी ज्या वाटांनी पसरत गेल्या, त्या या वाटा. तुमच्या-माझ्या अंगावरही त्या असतात, फक्त दिसत नाहीत. माझ्या लेकीच्या अंगावर त्या दिसत होत्या.

का दिसत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि त्यातलं एक बंद पडलेलं असतं. कोणतं बंद पडायचं, हे गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पेशीगणिक नशिबाने ठरतं, आणि त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या पिढ्या तोच नियम पाळतात. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये हे मांडलं. या एक्सवर आयकेबीकेजी नावाचं जनुक आहे, नेमो हे त्याचं दुसरं नाव. ते बिघडलं की हा आजार होतो, हे २००० साली सिद्ध झालं. दाह सुरू झाला की पेशीला मरणापासून वाचवणारी एक यंत्रणा असते, तिची किल्ली या जनुकाकडे आहे. ज्या पेशींत बिघडलेलं एक्स चालू, त्या पटापट मरतात, आणि मरता मरता शेजारी आग लावून जातात. रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात, पाणी साठतं, फोड येतो. शेजारच्या पट्ट्यात चांगलं एक्स चालू असतं, म्हणून तिथली त्वचा नितळ. पट्टा असा तयार होतो.

तिसऱ्या दिवशीच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल २८ टक्के आहेत. यंत्राने तो आकडा जाड ठशात छापलाय. त्याच्या शेजारी कोणाच्याही पेनाची खूण नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगते, नाहीतर अन्याय होईल. तुम्ही हर्पिसची, म्हणजे फोड आणणाऱ्या विषाणूच्या संसर्गाची, शंका घेतलीत, नमुने पाठवलेत, निकाल येईपर्यंत विषाणूवरचं औषध आणि अँटिबायोटिक सुरू केलंत, ते बरोबरच होतं. नवजात बाळात हर्पिस जिवावर बेततो, तिथे थांबून चालत नाही. मलाही तेच हवं असतं. माझं दुखणं त्यापुढचं आहे. सगळे निकाल 'काही सापडलं नाही' असे आले, तेव्हा 'मग हे आहे काय?' हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता. तो विचारला गेला नाही. 'संसर्ग, आटोक्यात' असं लिहून आम्हाला घरी पाठवलं.

पाचव्या आठवड्यात फोड सुकले आणि त्याच जागी खडबडीत, चामखिळीसारखे उंचवटे उभे राहिले. घोट्यापाशी तर हात लावला की खरवडायचं. ही दुसरी पायरी. मेलेल्या पेशींची जागा भरायला चांगल्या पेशी घाईघाईने वाढतात, त्यातून हे होतं, आणि बहुतेकींचं सहा महिन्यांच्या आत आपोआप जातं. आम्ही गेलो ते दुसऱ्या डॉक्टरांकडे. त्यांनी आधीचा कागद पाहिला नाही, कारण आधीचा 'संसर्ग' बरा झाला होता. त्यांनी बुरशीवरचं मलम दिलं. महिनाभराने तिसऱ्यांकडे गेलो, त्यांनी चामखिळीवरचं औषध लिहून दिलं. तान्ह्या बाळाच्या त्वचेवर लावायचं जळजळणारं औषध! माझ्या आईने ती बाटली फेकून दिली. घरातला वैद्यकीय दृष्ट्या सर्वांत शहाणा निर्णय तोच ठरला.

सहाव्या महिन्यात उंचवटे गेले आणि रंग आला. राखाडीकडे झुकणारा तपकिरी, पोटावर भोवरे, काखेपासून कमरेपर्यंत ओघळ, पाण्यात शाईचा थेंब सोडल्यावर तो पसरत जातो तसे. गंमत म्हणजे जिथे फोड कधीच आले नव्हते, तिथेही हे पट्टे होते. मी विचारलं तर मला सांगण्यात आलं, "तुमच्या लक्षात नसेल, आले असतील." नव्हते आले. या आजारात तिसऱ्या पायरीचे पट्टे पहिल्या दोन पायऱ्यांच्या जागीच उमटतात असं नाही, हे मी पुढे वाचलं. त्या दिवशी मात्र स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता.

तेव्हा दुसरी तक्रार: एका आजाराचे तुम्ही तीन आजार केलेत. फोड, खरबरीत पुरळ, डाग. तीन फायली, तीन निदानं, आणि प्रत्येक वेळी आधीचा आजार 'बरा झाला'. खरं तर तो बरा होत नव्हता, कूस बदलत होता. पायऱ्या एकमेकींत मिसळतात हेही खरं. एका पायावर खपल्या आणि दुसऱ्यावर ताजे फोड, असे काही दिवस आम्ही पाहिले. पण सहा महिन्यांचे फोटो ओळीने लावले असते, तर रेघ तीच आहे हे शाळकरी पोरानेही सांगितलं असतं. फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते. कोणी मागितले नाहीत, आणि मी दाखवायला काढले तेव्हा "ठीक आहे, ठीक आहे" असं ऐकलं.

तिसरी तक्रार माझ्याबद्दलची, आणि ती लिहिताना अजून हात थबकतो.

बाळ चार दिवसांचं असताना माझी आई राउंडच्या वेळी मध्येच बोलली. "डॉक्टरसाहेब, हिलाही लहानपणी असंच आलं होतं. पायावर. आपोआप गेलं." डॉक्टर हसले आणि म्हणाले, "आजी, त्या काळी सगळ्यांनाच काही ना काही येत होतं." सगळे हसले. मीही हसले, हे मला विसरता येत नाही.

माझ्या दोन्ही पिंढऱ्यांवर मागच्या बाजूला फिकट पट्टे आहेत. रुंदी करंगळीएवढी. तिथे केस येत नाहीत, घाम येत नाही, आणि उन्हात रापल्यावर ते जास्तच उठून दिसतात. ही चौथी पायरी. रंग ओसरतो, त्वचा पातळ होते, खाली केसांची मुळं आणि घर्मग्रंथी उरत नाहीत. टाळूवर बोटाच्या पेराएवढी केस नसलेली जागा आहे, ती मी भांग उलटा पाडून झाकते. वरचे दोन दात जन्मतः नाहीत, खालचे दोन सुळ्यासारखे टोकदार आहेत. दात, केस, फिकट पट्टे यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे मला कोणीही कधी सांगितलं नव्हतं. माझे दोन गर्भपात झाले होते. बाळंतपणाच्या कागदावर त्यांचा आकडा आहे: दोन. आकड्यापलीकडे कोणी गेलं नाही. हा बिघाड असलेला मुलाचा गर्भ बहुतेक वेळा टिकत नाही, कारण त्याच्याकडे भरपाई करायला दुसरं एक्स नसतं.

एवढं सगळं खोलीत हजर होतं. आजीचं वाक्य, आईच्या पिंढऱ्या, दात, दोन गर्भपात, २८ टक्के इओसिनोफिल, आणि पाळण्यात रेघेवर मांडलेले फोड. कोणी फक्त म्हणायला हवं होतं, "तुमचे पाय दाखवता का जरा?"

हे वाक्य शेवटी म्हटलं ते एका नेत्रतज्ज्ञ बाईंनी. तेव्हा लेक नऊ महिन्यांची होती. डावा डोळा आत वळायला लागला होता, आणि फोटोत त्या डोळ्याची बाहुली पांढुरकी दिसत होती. बाईंनी थेंब घातले, दुर्बिणीने बराच वेळ पाहिलं, दिवा लावला, आणि काही न बोलता तिचा फ्रॉक वर केला. पोटावरचे भोवरे पाहिले. मग माझ्याकडे वळून पाय दाखवायला सांगितलं. नंतर दात. मग खुर्ची ओढून समोर बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसतात तेव्हा काय ऐकावं लागणार, ते तेवढ्यात कळतं.

आता चौथी तक्रार, जिच्यासाठी हे पत्र आहे. 'कॉस्मेटिक'.

या आजारात त्वचेला बहुतेक वेळा काहीही करावं लागत नाही. फोड फोडायचे नाहीत, स्वच्छ ठेवायचे, संसर्ग होऊ द्यायचा नाही. त्या दृष्टीने 'औषध नको' हे तुमचं वाक्य अगदी बरोबर होतं. पण त्वचेवर जे पट्ट्यांनी घडतं, तेच डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, रक्तवाहिन्यांच्या बाबतीत घडू शकतं. वाहिन्या पडद्याच्या कडेपर्यंत पोचत नाहीत किंवा मध्येच बंद पडतात. उपाशी राहिलेला भाग नव्या वाहिन्या मागतो. त्या कच्च्या, वेड्यावाकड्या येतात, रक्त सोडतात, आकसतात आणि पडदा ओढून सोडवतात. हे बहुतेक पहिल्या काही वर्षांत घडतं, पहिल्या वर्षात धोका जास्त. वेळेत पकडलं तर उपाशी भागावर लेसर करता येतो. माझ्या लेकीच्या उजव्या डोळ्यात हीच सुरुवात होती. तो लेसरने वाचला, आज ती त्याच डोळ्याने वाचते. डाव्यात लेसरची वेळ निघून गेली होती. ऑपरेशन झालं. त्या डोळ्याला उजेड-अंधार कळतो, एवढंच.

ज्यांचे डोळे बिघडतात त्या सगळ्यांची नजर जातेच असं नाही, आणि पुष्कळ मुलींचे डोळे ठणठणीत राहतात. ते मला माहीत आहे. पण कोणाचे राहणार हे त्वचेकडे बघून सांगता येत नाही, पाहावंच लागतं. आणि ही काही न परवडणारी, नवलाईची तपासणी नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे पडदे तुम्ही नेमाने तपासून घेताच. तेच थेंब, तीच दुर्बीण, तोच तज्ज्ञ. फक्त चिठ्ठीवर एक ओळ लिहायची असते.

मेंदूचंही तसंच. काही मुलींना पहिल्या आठवड्यांतच फिट येतात. माझ्या लेकीला आल्या नाहीत, हा केवळ दैवाचा भाग. आमच्या कागदावर त्याबद्दलही अक्षर नव्हतं, त्यामुळे हात झटकला तर ते स्वप्न की झटका हे ओळखायला आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. फोडांच्या वेळी मला नवऱ्याच्या देखत 'तुम्हाला पूर्वी काही गुप्त जखमा?' असं विचारलं गेलं. हर्पिस आईकडून बाळाला होऊ शकतो, म्हणून प्रश्न आवश्यक होता; ती शंका बरोबर होती, हे मी वर कबूल केलंय. पण निकाल स्वच्छ आल्यावर तसं तितक्याच मोठ्याने सांगायला कोणी आलं नाही. पुढे, पट्टे तपकिरी झाल्यावर, एका तातडीच्या विभागात आमच्यावर मुलीला चटके दिल्याचा संशय घेतला गेला. मुलांच्या अंगावरच्या खुणांकडे संशयाने बघायलाच हवं, त्याबद्दल रागावणारी मी नाही. निदानाची एक चिठ्ठी फाइलमध्ये असती, तर मात्र ते दोन तास वाचले असते. त्या दोन तासांत तिच्या बापाचा चेहरा मी पाहिलाय.

'दुर्मीळ आहे हो, आम्ही तरी किती लक्षात ठेवणार', हे मला अनेकांनी ऐकवलं. आजार दुर्मीळ आहे, मान्य. लाखभर जन्मांत एखादा, असा साधारण अंदाज. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यात एकच अशी मुलगी भेटेल, काहींना तीही नाही. म्हणूनच नाव लक्षात ठेवा असं मी म्हणत नाही. रांग लक्षात ठेवा. नवजात बाळाच्या अंगावर फोड रेघेत आले आणि जंतू सापडले नाहीत, की पुढे काय वाचायचं ते आपोआप सापडतं.

तर माझ्या मागण्या अशा.

एक. नवजात बाळाच्या अंगावर काहीही उठलं, तर त्याची मांडणी लिहा. रांगेत, वळणात, झुबक्यात की विखुरलेलं. शक्य असेल तर पालकांच्या परवानगीने फोटो फाइलला लावा. पुढच्या डॉक्टरांना तुमच्या अंदाजापेक्षा त्या फोटोचा जास्त उपयोग होईल.

दोन. रेघेतले फोड, वाढलेले इओसिनोफिल आणि संसर्गाचे रिकामे निकाल एकत्र दिसले, तर घरी सोडण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. शंका उरलीच तर छोटी बायोप्सी आणि जनुकाची तपासणी हे मार्ग आहेत. आयकेबीकेजीत बऱ्याचदा एक ठरावीक तुकडा गळालेला असतो, पण शेजारीच त्या जनुकाची एक निकामी नक्कल आहे, तिच्यामुळे नेहमीच्या पद्धतीची तपासणी फसू शकते. म्हणून रिपोर्टवर 'काही नाही' आलं, तरी तपासणी कोणत्या पद्धतीने झाली ते विचारा. आणि बाळ मुलगा आहे म्हणून हा आजार बाद करू नका. दोन एक्स असलेल्या, किंवा शरीराच्या काहीच पेशींत बिघाड असलेल्या मुलांमध्ये तो आढळलेला आहे.

तीन. निदान झालं की, किंवा नुसती दाट शंका आली तरी, पडद्याची तपासणी त्याच आठवड्यात. त्यानंतरचं वेळापत्रक रूढ आहे: तीन-चार महिन्यांची होईपर्यंत दरमहा, वर्षाची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी, तिसऱ्या वर्षापर्यंत सहा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. ते पालकांच्या हातात लेखी द्या. तोंडी सांगितलेलं बाळंतिणीच्या लक्षात राहत नाही, तिची झोप झालेली नसते.

चार. आईला तपासा. पिंढऱ्या, टाळू, दात, नखं, आणि गर्भपातांची फक्त संख्या नको, हकिगत विचारा. आजी बोलत असेल तर बोलू द्या. पण हेही सांगा की निम्म्याहून जास्त मुलींमध्ये हा बिघाड नव्याने आलेला असतो, आईकडे काही नसतं. नाहीतर घरातले सगळे आईच्या पायांकडे बघत बसतील. आणि आईला सौम्य आहे म्हणून मुलीलाही सौम्यच असेल, असा दिलासा देऊ नका. मी या आजारासह मोठी झाले, चष्मासुद्धा न लागता. माझी लेक एका डोळ्याने बघते. जनुक तेच, पेशींची वाटणी वेगळी.

पाच. जनुकाचा रिपोर्ट कॉरिडॉरमध्ये उभ्याने देऊ नका. आम्हाला तसाच मिळाला, वर "पुढच्या वेळी निम्मी शक्यता" एवढं वाक्य. आईत बिघाड असेल तर दर गर्भारपणात चार शक्यता सारख्याच असतात: निरोगी मुलगी, आजार असलेली मुलगी, निरोगी मुलगा, आणि बहुधा न टिकणारा मुलाचा गर्भ. जन्माला येणाऱ्या बाळांत आजाराची शक्यता त्यामुळे सुमारे तीनात एक होते. हे समजावायला पंधरा मिनिटं लागतात. ती द्या.

सहा, अध्यापकांना. पुस्तकांतले फोटो बहुधा गोऱ्या बाळांचे असतात. सावळ्या त्वचेवर फोडाभोवतीची लाली नीट दिसत नाही, आणि तिसऱ्या पायरीचा रंग सहज 'जन्मखूण' म्हणून खपतो. चारही पायऱ्यांचे, वेगवेगळ्या वर्णांच्या बाळांचे फोटो एका पानावर शेजारी शेजारी दाखवा. चार प्रकरणांत चार ठिकाणी नकोत.

सात. 'कॉस्मेटिक' हा शब्द लिहिण्याआधी, डोळे, दात आणि मेंदू यांच्याबद्दल काय ठरलं ते त्याच कागदावर लिहा. मग खुशाल लिहा. त्वचेपुरता तो खराच आहे.

दातांबद्दल एवढंच, की लेकीचे दुधाचे सात दात आलेच नाहीत आणि आलेले टोकदार आहेत. वर्गात तिला त्यावरून चिडवतात, आणि ती त्यांना चावायची धमकी देते. पट्टे आता फिकट होत चाललेत. मोठेपणी जवळजवळ दिसेनासे होतील असं सांगतात, आणि ते खोटं नसावं. त्यांच्यावर लेसर मारायचा सल्ला आम्हाला दोनदा मिळाला, तो आम्ही नाकारला.

त्या दुसऱ्या आईच्या बाळाचे डोळे मागच्या आठवड्यात तपासून झाले. उजव्या पडद्याच्या कडेला वाहिन्या पोचलेल्या नाहीत. लेसरची तारीख मिळाली आहे. ती अजून चार महिन्यांचीच आहे, वेळ गेलेली नाही.

माझ्या लेकीची वार्षिक तपासणी पुढच्या गुरुवारी आहे. या पत्राच्या वीस प्रती काढून मी बरोबर नेणार आहे. बाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येकाला एक देईन, आणि आत गेल्यावर एक टेबलावर ठेवीन. उत्तर आलं तर इथेच, सगळ्यांना वाचता येईल असं छापीन.

आपली,
एका सात वर्षांच्या मुलीची आई